काकू, तुमचा सोऱ्या अजून माझ्याकडेच आहे

काकू,

तुम्ही मोबाईलवर वाचत नाही, म्हणून नातवाला सांगितलंय, मोठ्यानं वाचून दाखव. समोर बोलले असते तर "आधी चहा घे" म्हणून तुम्ही विषय तोडला असता.

२०२५चा मे. हे ६० दिवसांच्या रजेवर आलेले, पहलगामच्या हल्ल्यानंतर युनिटचा फोन आला आणि तेराव्या दिवशी बॅग भरून निघाले. ७ मेला सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी लागली आणि ह्यांचा फोन लागेना. घरात माणसांची रीघ. "अभिमान वाटला पाहिजे," "जवानाच्या बायकोनं रडायचं नसतं." सांगून सगळे जेवायला आपापल्या घरी गेले.

तुम्ही संध्याकाळी आलात आणि विचारलंत, "घरात गहू किती आहेत?"

मला राग आला होता, खरं सांगते. पण गहू भिजले. रोज पाणी बदलायला तुम्ही यायचात आणि येता-जाता टीव्हीचं बटण बंद करायचात. ८ तारखेच्या रात्री मी तो लपून लावला. जम्मूचं काळोखं आभाळ, ड्रोन, सायरन. वाहिन्यांनी कराची बंदर उडवून दिलं. सकाळी ते होतं तिथंच होतं. माझी रात्र मात्र गेली. सहा वर्षांची पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली होती. तुम्ही गोधडी उन्हात टाकलीत आणि तिच्यादेखत म्हणालात, "आमच्या बाळ्यानंपण केलं होतं, कारगिलच्या वेळी."

तेव्हाच पहिल्यांदा १९९९चं बोललात. पोस्टमन दिसला की हात पुढे करायच्या आधी विचारायचात, "अक्षर ह्यांचंच आहे ना?" तारेची धास्ती. आणि ५६ एपीओचं, म्हणजे लष्करी टपालाचं, पत्र हातात पडलं तरी, "बारा दिवसांमागं होते, एवढंच कळायचं गं."

आपल्या साताऱ्याकडं गावोगावी पहिल्या महायुद्धाचे दगड आहेत. किती गेले, किती मेले, आकडे कोरलेत. मागं चुलीपाशी कोण बसलं होतं, त्याला दगड नाही.

१० तारखेला गहू वाटले, चीक गाळला. संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली. तुम्ही म्हणालात, "फोन येईपर्यंत खरं धरायचं नाही." पहाटे चारला चीक हाटताना मी रडले, पातेल्यावरच. तुम्ही गप्प करायला गेला नाहीत. हातातला दांडा काढून घेतलात आणि हाटत राहिलात. गुठळ्या झाल्या असत्या ना!

दुपारी फोन आला. एक मिनिटही नसेल. काय करतेस विचारलं, तर मी म्हटलं, कुरडया राखतेय, कावळे फार झालेत.

त्यातला एक डबा ह्यांनी पुढच्या रजेनंतर सोबत नेला. सोऱ्या घासून ठेवलाय. चकती थोडी वाकलीये, ते मात्र माझ्या हातून झालं.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली