परीक्षा एकच, मग पुढची पायरी वेगळी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. एमपीएससीच्या गट-क मध्ये लिपिक-टंकलेखक म्हणून त्याचं होतंय असं वाटतंय, आणि पसंतीक्रम भरायचा होता. "मामा, वर काय टाकू, मंत्रालय का आपला जिल्हा?" मी तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात चौदा वर्षं काढली, आई-वडील इथेच, शेत इथेच, तरी माझ्या तोंडून पटकन निघालं की डोळे झाकून मंत्रालय टाक. फोन ठेवल्यावर मला माझंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

लोकांना वाटतं क्लार्कचा पगार सगळीकडे सारखाच असतो, आणि सुरुवातीला तो सारखा असतोही. मंत्रालयातला लिपिक असो, नाहीतर आमच्यासारख्या क्षेत्रीय, म्हणजे जिल्ह्या-तालुक्यातल्या कार्यालयातला, दोघंही एस-6 या वेतनस्तरात, 19,900 मूळ वेतनावर लागतात. टायपिंगची अटही तीच, मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40 शब्द मिनिटाला. खरी गंमत पुढच्या पायरीला आहे. मंत्रालयातल्या लिपिकाची पुढची पायरी सहायक कक्ष अधिकारी, म्हणजे एस-14, सुरुवात 38,600. आमची पुढची पायरी वरिष्ठ लिपिक, एस-8, 25,500. नुसत्या मूळ वेतनात 13,100 चा फरक, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, पुढे पेन्शनचा हिशोब, सगळं त्याच पटीत. आणि कुणी म्हणेल प्रमोशन सगळ्यांना थोडंच लवकर मिळतं, तर प्रमोशन न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी पगारवाढ देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेतसुद्धा वरच्या पदाची वेतनश्रेणी बघूनच लाभ देतात, म्हणजे पायरी बुटकी असली की दहा वर्षं थांबूनही हातात बुटकंच येतं. महसूलवाल्यांचं तरी बरं, ते थेट त्याहून वरच्या अव्वल कारकून पदावर जातात. बाकी विभागांतले आम्ही मात्र 'वरिष्ठ' हा शब्द लावून खुश राहायचं.

आमच्या वेळी याला एक उत्तर ठरलेलं असायचं, की तुमची भरती जिल्हा निवड समितीची, त्यांची एमपीएससीची, मग बरोबरी कशी होणार. ठीक आहे, तेव्हा गप्प बसलो. पण 2023 च्या जाहिरातीपासून तेही राहिलं नाही. 8,169 जागा निघाल्या, त्यातल्या 7,034 लिपिक-टंकलेखकाच्या, मंत्रालयाच्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ऑफिसांच्या एकत्रच. पेपर एक, टायपिंगची परीक्षा एक, मेरिट लिस्ट एक. मग दोन मार्कांनी मागे राहिला म्हणून किंवा आई आजारी असते म्हणून गावाजवळचं ऑफिस घेतलं, तर त्या पोराचं पुढचं तीस वर्षांचं गणितच बदलावं का?

कामाचं म्हणाल तर मंत्रालयातल्या मित्रांशी माझा नेहमी वाद होतो. ते म्हणतात आमच्याकडे धोरणाचं काम असतं, अधिवेशनात रात्री बारापर्यंत बसावं लागतं. बसत असतील, मी नाही म्हणत नाही. पण आमदारांच्या तारांकित प्रश्नाचं उत्तर तयार होतं कशातून? सकाळी दहाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, 'अतितात्काळ, विधानसभा कामकाज, माहिती दुपारी 2 पर्यंत विहित प्रपत्रात सादर करावी', मग आम्ही पाच वर्षांच्या नस्त्या, म्हणजे फायली काढतो, धूळ खातो, एक्सेल भरतो, फॉन्ट जुळत नाही म्हणून परत भरतो, साहेब दौऱ्यावर असले की सहीसाठी गाडीमागे पळतो. वर काय होतं तर छत्तीस जिल्ह्यांचे तक्ते एकाखाली एक जोडले जातात. हे जरा जास्तच बोललो, टिपणी लिहायलाही डोकं लागतं हे मला माहीत आहे, पण आस्थापना, आवक-जावक, सेवार्थ या सरकारी पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पगारबिलं, ट्रेझरीचे आक्षेप, माहिती अधिकाराचे अर्ज, बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता) हे सगळं एकाच टेबलावर सांभाळायलाही डोकं लागतंच ना. तिकडे एका कार्यासनाला एक विषय असतो, इकडे दोन पदं रिकामी म्हणून तीन टेबलं माझ्याकडेच. मुंबई महाग आहे, मान्य, पण त्यासाठी घरभाडं भत्ता जास्त आहेच की.

कोर्टात का जात नाही असं विचारतात. दिल्ली पोलिसातला एक ड्रायव्हर-कॉन्स्टेबल रणधीर सिंग सुप्रीम कोर्टात गेला होता, दिल्लीतल्या बाकी सरकारी ड्रायव्हरएवढा पगार द्या म्हणून, आणि 1982 साली जिंकला. समान कामाला समान वेतन घटनेच्या चौकटीत बसतं असं तेव्हापासून सगळे सांगतात. पण नंतर कोर्टाने हात आवरता घेतला. रेल्वेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या खासगी सचिवांनी दिल्लीच्या सचिवालयाशी बरोबरी मागितली तेव्हा 2021 मध्ये कोर्ट म्हणालं की हा विषय वेतन आयोगाचा आणि सरकारचा. आणि वेतन आयोगाने काय म्हटलं होतं? केंद्राच्या, न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या सहाव्या आयोगाने 2008 मध्ये सचिवालय आणि क्षेत्रीय कार्यालयांची बरोबरी करा असंच सांगितलं होतं! नंतर 2009 मध्ये केंद्राने सचिवालयातल्या असिस्टंटचा ग्रेड पे (पदानुसार मिळणारी वेतनातली ठरावीक रक्कम) 4,600 केला आणि फील्डवाले 4,200 वरच राहिले. म्हणजे आयोग बरोबरी सांगणार, कोर्ट आयोगाकडे पाठवणार आणि सरकार वरच्या मजल्यावर बसलेल्यांचं ऐकणार.

आपल्याकडे सातव्या वेतन आयोगासाठी राज्याची बक्षी समिती झाली, नंतर पगारातल्या त्रुटी निवारणासाठी वेगळी समिती झाली, निवेदनं गेली, पोच मिळाली. आता केंद्रात न्या. रंजना देसाईंचा आठवा आयोग बसलाय, त्याचा अहवाल आला की राज्याचीही समिती बसेलच. माझं म्हणणं एवढंच की ती बसायच्या आधीच तिच्या कार्यकक्षेत हे स्पष्ट लिहा, की एका परीक्षेतून आलेल्या लिपिकाची पहिली पदोन्नती कुठल्याही ऑफिसात एकाच वेतनस्तरावर हवी. 1977-78 ला 54 दिवसांचा संप झाला तेव्हा केंद्राएवढा महागाई भत्ता मागताना चपराशापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे एकत्र होते असं वडील सांगायचे. आता आमच्या संघटनाच विभागवार, संवर्गवार इतक्या झाल्यात की निवेदनाच्या खाली सह्या करायला जागा पुरत नाही.

एक गोष्ट लिहिली नाही तर मीच खोटा ठरेन. माझ्या शेजारच्या टेबलावर एजन्सीमार्फत लागलेली मुलगी आहे. सेवार्थ तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, महिनाअखेरीला माझं अर्धं काम तीच करते, आणि तिचा पगार माझ्या निम्माही नाही, तोही तीन-तीन महिने येत नाही. 2016 मध्ये जगजित सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की तेच काम करणाऱ्या हंगामी माणसाला कमी पैसे देणं म्हणजे पिळवणूक. त्या खंडपीठात आपल्या नागपूरचे न्या. बोबडे होते. मी तिच्यासाठी आजवर एक कागद हलवला नाही. समिती बसली तर तिचंही नाव त्या तक्त्यात यावं, आमच्या रकान्याच्या खाली का होईना.

सरकारी नोकरांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांमुळे नाव छापू नये ही विनंती. अजून लिहिलं असतं, पण आत्ताच वरून मेसेज आलाय, 'माहिती निरंक असल्यास तसे कळवावे'.

आपला,
एक वरिष्ठ लिपिक, मराठवाडा