बारवांचे फोटो आणि त्यांच्या प्रती: मित्रास पत्र

परभणी,
३ मे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप वाचला. बारवांच्या फोटोंची प्रत ठेवलेली डिस्क लावली की आतून टक्‌टक्‌ आवाज येतो आणि फोल्डर उघडायला वेळ लागतो, असं लिहिलंयस. बाकी सगळं नंतर, आधी एवढं ऐक: ती डिस्क काढून बाजूला ठेव. पुन्हापुन्हा लावून बघू नको. विंडोज दुरुस्त करू का विचारेल, त्याला हो म्हणू नको. आवाज येतो म्हणजे बहुतेक करून तबकडी वाचणारं आतलं हेड जागा सोडतंय, आणि अशी डिस्क चालवावी तितकी तबकडी खरवडली जाण्याचा धोका वाढतो. संगणकात सगळं शाबूत आहे म्हणतोस. म्हणजे आजच्या घडीला तुझ्या संग्रहाची धड अशी एकच प्रत उरली आहे. म्हणून डिस्क निवडायला महिना लावू नको. या आठवड्यात एक आण, कोणतीही चांगली आण आणि त्यावर सगळं उतरवून घे. निवांत विचार त्यानंतर करू.

तू विचारलंस, कधीच बिघडणार नाही अशी कोणत्या कंपनीची आहे? गड्या, तशी डिस्क कुणीच बनवत नाही. हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी लोकांचा डेटा सांभाळते आणि आपल्याकडच्या डिस्क किती बंद पडल्या याचे आकडे २०१३ पासूनचे जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत शंभरातल्या साधारण एक ते दोन डिस्क वर्षाला जातात, असं त्यात दिसतं. आणि हे गारठ्यातल्या, अखंड वीज असलेल्या खोल्यांतलं. आपल्याकडचा उन्हाळा आणि आपल्याकडची वीज त्यात धरलेली नाही. त्या आकड्यांत मला आणखी एक गोष्ट दिसली. कंपनीकंपनीपेक्षा मॉडेलमॉडेलमध्ये फरक जास्त आहे. तेव्हा दुकानदार एका कंपनीचं नाव घेऊन छातीठोक सांगत असेल, तर ऐकून घे, पण त्यावर निर्णय घेऊ नको.

तुझा संग्रह दोन टीबीच्या, म्हणजे दोन हजार जीबीच्या, आसपास आहे. चार टीबीच्या दोन डिस्क घे, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि शक्यतो वेगळ्या वेळी. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या जोडडिस्कमध्ये एकच दोष असू शकतो, आणि दोन्ही मागेपुढे जाऊ शकतात. एसएमआर, सीएमआर असं काही कानावर येईल, तबकडीवर लिहायच्या त्या दोन पद्धती. एसएमआर डिस्कवर सलग खूप लिहिताना वेग पडतो, पण वर्षातून थोड्या वेळा फोटो उतरवून कपाटात ठेवायच्या डिस्कला ते चालतं. चार टीबीची डिस्क संगणकात ३.६ दाखवेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच. त्यासाठी दुकानात भांडायला जाऊ नको.

एसएसडीचं तू मुद्दाम विचारलंस, तर त्यावर नीट लिहितो, कारण आपल्या भागात हा मुद्दा खरंच वेगळा आहे. एसएसडीत फिरणारं काही नसतं, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही, वेग भरपूर. फोटो निवडायला, रंग सुधारायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिच्यात फोटो साठतात ते विजेच्या भाराच्या रूपात, आणि वीज न देता नुसती ठेवली तर हा भार हळूहळू झिरपतो. उष्णता जितकी जास्त तितका लवकर. घरगुती एसएसडीसाठी जेडेक संस्थेचं जे मानक आहे, त्यात लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपवलेल्या डिस्कने वीज नसताना ३० अंशाला एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त टिकवते, हे खरं. पण ३० अंश म्हणजे आपल्याकडे मे महिन्यातली पहाट. दुपारी परभणीत पारा ४३-४४ ला जातो, आणि तुमच्या माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. म्हणून माझं स्पष्ट मत: कामासाठी एसएसडी, कपाटात ठेवायला साधी फिरणारी हार्ड डिस्क.

आणि ती माडीवर ठेवू नको. स्लॅबखालच्या माळ्यावर तर नकोच. खालच्या मजल्यावर मधल्या खोलीत, जिथे भिंतीला ऊन लागत नाही, तिथल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेव. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलीस तर श्रावणातला दमटपणाही लागणार नाही. काम झालं की यूएसबी आणि वीज दोन्ही काढायची. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा कडाडतात, लाईट जाते, येते, पुन्हा जाते. अशा वेळी लावलेली डिस्क आणि संगणक एकाच झटक्यात जाऊ शकतात. शिवाय फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला, तर तो जोडलेल्या डिस्कवरही पोचतो. काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत त्याचा हात जात नाही.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. डिस्क कोणती, यापेक्षा ती कुठे आहे, हे मोठं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला एक नियम आहे, ३-२-१ म्हणतात त्याला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. पहिल्या दोन गोष्टी लोक करतात. तिसरी राहून जाते.

तुला हे परक्याच्या उदाहरणावरून समजवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट तुमच्या घराने पाहिली आहे. तुझ्या मामांचं माळवदाचं घर पडलं तेव्हा त्यात जे होतं ते सगळं दगडमातीखाली गेलं. तुझ्या आजीचा जो एक फोटो आज तुमच्या भिंतीवर आहे, तो उदगीरला मावशीकडे एक प्रत होती म्हणून आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव, बीडकडे लोकांच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हाही मला हेच आठवत राहिलं.

आणि अजिंठ्याचं तर विलक्षणच आहे. मी अलीकडे त्याबद्दल पुन्हा वाचलं आणि दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला नेमलं. माणसाने वर्षानुवर्षं त्या लेण्यांत, अंधारात, तापात काढली. मोठमोठे कॅनव्हास रंगवले, ते लंडनला पाठवले, आणि तिथे क्रिस्टल पॅलेसमध्ये ते मांडले गेले. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि मांडलेले जवळजवळ सगळे कॅनव्हास जळून गेले. मग १८७२ पासून मुंबईच्या कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. पुन्हा त्याच भिंतींसमोर बसून वर्षानुवर्षं काम. त्याही प्रती लंडनलाच गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून त्यातल्या पुष्कळ गेल्या. दत्ता, दोन्ही वेळा प्रत केली गेली होती. जीव ओतून केली होती. फक्त ती सगळी एका छपराखाली होती.

तुझ्या संग्रहात वालूरची चक्राकार बारव आहे, पिंगळीची आहे, चारठाण्याची देवळं आहेत, होट्टलची आहेत. ती अजून जाग्यावर आहेत, पुन्हा जाऊन काढता येतील. पण ज्या गावात रस्ता रुंद करताना बारव बुजवली, तिचे पायऱ्यापायऱ्यांनी घेतलेले फोटो फक्त तुझ्याकडे आहेत. कोनाड्यातल्या मूर्ती, पाण्याच्या रेषा, भिंतीत उगवलेला पिंपळ, सगळं. ती आता दुसरीकडे कुठेही नाही. ते फोटो लातूरच्या एका खोलीत एकाच टेबलावर असावेत, हे मला सहन होत नाही. म्हणून तुला इतकं लांबलचक लिहितोय.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. तुझी एक डिस्क माझ्याकडे परभणीत राहील आणि माझी एक तुझ्याकडे लातूरला. मांजरेला पूर आला म्हणून माझं कपाट भिजणार नाही, आणि माझ्या घरी शॉर्टसर्किट झालं तर तुझ्या घराला आच लागणार नाही. डिस्कला बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने कुलूप घाल. माझ्यावर भरवसा आहे हे ठाऊक आहे, पण प्रवासात पिशवी हरवू शकते. पासवर्ड मात्र कागदावर लिहून वहिनींकडे दे. कुलूप आहे आणि किल्ली कुणालाच माहीत नाही, असं झालं तर बॅकअप असून नसल्यासारखा.

क्लाउडबद्दल थोडक्यात. गुगल फोटोजवर अमर्याद फुकट जागा मिळायची ते १ जून २०२१ ला थांबलं. आता १५ जीबी फुकट, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. जागा वाचवायचा पर्याय निवडला तर फोटो दाबून १६ मेगापिक्सेलपर्यंत आणले जातात, म्हणजे तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या मूळ फाइलची ती प्रत होत नाही. दोन टीबी वर चढवायचं म्हटलं तर ४० एमबीपीएसचा अपलोड वेग मिळाला तरी अखंड साडेचार दिवसांहून जास्त लागतात, आणि आपल्याकडे अखंड हा शब्द नेटला आणि विजेला लागू पडत नाही. म्हणून सगळं चढवू नको. बुजलेल्या बारवांचे फोटो आणि तुझ्या अण्णांच्या फिल्मच्या रोलांचे स्कॅन, एवढं मूळ आकारात पैसे भरून ठेव. आपल्या घराबाहेरची तिसरी जागा म्हणून ते चांगलं आहे. खातं मात्र वापरात ठेव. दोन वर्षं हात न लावलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं.

तुझ्या भाच्याने दोन डिस्कचं नॅस, म्हणजे घरच्या नेटला जोडायची डिस्कची पेटी, घ्यायला सांगितलंय म्हणतोस. वस्तू वाईट नाही, पण त्यात दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. चुकून एक फोल्डर पुसलास तर दोन्हीकडून पुसलं जातं. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, यासाठी ते आहे. बॅकअपची जागा ते घेत नाही. हीच काळजी सिंक करणाऱ्या, म्हणजे दोन जागचे फोल्डर जुळवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमबाबत घे. फ्रीफाइलसिंक मी वापरतो, फुकट आहे आणि चांगलं आहे. पण त्यात 'मिरर' निवडलंस तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. 'अपडेट' निवड, आणि पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा पर्याय चालू कर.

उतरवताना कट-पेस्ट कधीच नको, कॉपीच कर. टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये कॉपीनंतर पडताळणीची सोय आहे, ती लावून दे. दुप्पट वेळ लागतो, लागू दे. यूएसबी ३ वरून दोन टीबी उतरायला साडेपाच-सहा तास आणि तपासायला जवळपास तेवढेच. रात्री लावून झोप, पण यूपीएसवर.

मग वर्षातून दोनदा डिस्क बाहेर काढायच्या. मी पाडवा आणि खंडेनवमी धरले आहेत. खंडेनवमीला तू कॅमेऱ्याची पूजा करतोसच, त्याच दिवशी डिस्क लावायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडायचा. निळं दिसलं तर ठीक, पिवळं दिसलं की नवी डिस्क आणायची, 'अजून चालतेय' म्हणत बसायचं नाही. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स' हे दोन आकडे बघ, ते वाढत असतील तर तबकडी खराब होतेय. आणि मधूनच वेगवेगळ्या वर्षांतले फोटो उघडून बघ, पूर्ण मोठे करून. नुसती नावं दिसतात म्हणून आत फोटो आहे असं समजू नको. चार-पाच वर्षं झाली की डिस्क धडधाकट असली तरी नवी घेऊन त्यावर सगळं उतरवायचं, आणि जुनी जास्तीची प्रत म्हणून ठेवायची.

अण्णांच्या रोलांबद्दल एक विनंती. स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नकोस. त्यांच्या काळातली ती पट्टी हीसुद्धा एक प्रतच आहे, आणि ती बघायला संगणक लागत नाही, उजेडासमोर धरली की दिसते. प्लॅस्टिकच्या चिकट पिशव्यांतून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घाल, बुरशीपासून जप. स्कॅन करणाऱ्या मुलाकडून टिफ, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या फायली मागून घे, नुसत्या जेपेग घेऊ नको.

मी पुढच्या आठवड्यात परळीला येतोय, पुतणीच्या साखरपुड्याला. कार्यक्रम आटोपला की तसाच लातूरला येतो, माझी डिस्क घेऊन. तोवर तुझी नवी डिस्क आली असेल, तर आपण दोघं बसून पहिली पूर्ण प्रत करू आणि ती मी परत जाताना घेऊन जाईन. वहिनींना आणि काकूंना माझा नमस्कार सांग. अण्णांना सांग, त्यांच्या रोलांची नीट यादी करायची आहे, कोणतं गाव, कोणतं साल, ते त्यांनाच ठाऊक आहे. मी वही आणतो.

तुझा,
सुधाकर

ता. क. नवी डिस्क आणलीस की फोटो भरायच्या आधी एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम चालवून ती पूर्ण भरून बघ. बाजारात नाव चार टीबीचं आणि आत जागा भलतीच कमी, असा बनावट माल असतो. दुकानात परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करून घे. बिल जपून ठेव आणि खरेदीची तारीख डिस्कवरच चिठ्ठी लावून लिही.