आयटीआयच्या मुलांचे रेझ्युमे शिल्प निदेशकांनी बघून द्यावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. नवीन मुलं घ्यायची असली की रेझ्युमे आधी माझ्याकडं येतात आणि आयटीआयचा रिझल्ट लागला की गठ्ठाच येतो. फिटर असो, टर्नर असो नाहीतर इलेक्ट्रिशियन, मजकूर सगळ्यांचा एकच. वर करिअर ऑब्जेक्टिव्हच्या त्याच इंग्रजी ओळी, मग वडलांचं नाव, जात, धर्म, अविवाहित, हॉबी क्रिकेट, आणि शेवटी वरील माहिती खरी आहे म्हणून सही. सायबर कॅफेवाल्याकडं एक फाइल तयार असते, नाव आणि मार्क बदलून तो प्रिंट काढून देतो. त्याला तरी काय दोष द्यायचा, फिटर दोन वर्षं काय शिकतो हे त्याला कुठं माहीत असणार.

पण यात मुलाला जे खरंच येतं तेच कागदावर येत नाही आणि त्याचं फार वाईट वाटतं. एका मुलानं नुसतं फ्रेशर लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं की सुट्टीत तो गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट, ग्रिल, ट्रॉलीचं वेल्डिंग करायचा, माप घेऊन कटिंग पण स्वतःच करायचा. हे का नाही लिहिलं विचारलं तर म्हणे, सर ते कुठं कंपनीतलं काम आहे! तो समोर बसला म्हणून कळलं तरी, ज्यांना बोलावणंच जात नाही त्यांचं काय?

आम्हाला बघायचं असतं की व्हर्नियर, मायक्रोमीटर ही माप घ्यायची साधनं वाचता येतात का, लेथवर थ्रेडिंग म्हणजे आटे पाडलेत का, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, नुसता जॉब (बनवायचा तुकडा) लावलाय की ऑफसेटही, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्तीही, टाकलाय, मशीनचा कंट्रोलर फानुक कंपनीचा होता की सिमेन्सचा. हार्ड वर्किंग लिहिण्यापेक्षा "मेल-फिमेल फिटिंगचा जॉब 0.04 एमएमच्या टॉलरन्समध्ये केला" ही, एकात एक बसणारे दोन भाग किती बारीक मापात बनवले ते सांगणारी, एक ओळ वाचली की मी लगेच फोन लावतो. अप्रेंटिसशिप झाली असेल तर कुठल्या मशीनवर, किती महिने, तेही लिहा. जात, धर्म आणि आधार नंबर मात्र काढून टाका, कामाशी त्याचा संबंध नाही आणि हे कागद कुणाकुणाच्या हातात जातात सांगता येत नाही. ईमेल स्वतःचाच द्या, काही जणांच्या रेझ्युमेवर कॅफेवाल्याचा असतो, मग इंटरव्ह्यूचं बोलावणं तिकडंच पडून राहतं आणि मुलगा घरी वाट बघत बसतो.

आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय आहेच, त्यात रेझ्युमेही शिकवतात. पण त्या मुलानं वर्कशॉपमध्ये कुठले जॉब केले, कशात त्याचा हात चांगला बसलाय, हे माहीत असतं त्याच्या ट्रेडच्या शिल्प निदेशकांना, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्या सरांना. त्यांच्यावर आधीच कामाचा लोड आहे, मान्य, तरी शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलासोबत अर्धा तास बसून त्याचं प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड समोर ठेवून एक पान लिहून घेतलं तर खूप फरक पडेल. मराठीत लिहिलं तरी चालेल, आमच्यासारख्या शॉपमध्ये इंग्रजीवाचून काही अडत नाही.

आपल्या पेपरात नोकरीच्या जाहिराती येतात, त्याच पानावर फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी एकेक नमुना रेझ्युमे छापावा, ही कळकळीची विनंती. खेड्यातल्या मुलापर्यंत तो पेपरातूनच पोचेल.

आपला,
एक वाचक, वाळूज