पंधरा दिवसांचे पाहुणे आणि मागे राहणारी मंडळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुस्लिमबहुल देशांत दोन-तीन आठवड्यांच्या ख्रिस्ती सेवेला निघणारी पथके गाण्यांची आणि नाटुकल्यांची तालीम महिनाभर करतात. ज्या देशात जायचे तिथला कायदा मात्र विमानात वाचला जातो, तोही वाचलाच तर.

'मुस्लिम देशांचा कायदा' अशी काही एक वस्तू नाही. तुर्कस्तानात धर्मप्रसार हा गुन्हा नाही. उलट कोणाला आपली श्रद्धा मांडण्यापासून बळाने रोखणे हाच गुन्हा आहे. तरीही २०१९ पासून कित्येक परदेशी प्रोटेस्टंट सेवकांच्या नोंदीवर 'एन-८२' (पुन्हा येण्याआधी खास परवानगी हवी) हा शेरा पडला आणि त्यांची परतीची वाट बंद झाली. मलेशियात संविधानाच्या कलम ११(४) प्रमाणे मुसलमानांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार रोखणारे कायदे राज्ये करू शकतात. बिगरमुस्लिम श्रोत्यांना ते कलम लागू नाही. अल्जीरियात २००६ च्या अध्यादेशानुसार मुसलमानाची श्रद्धा डळमळीत केल्याबद्दल २ ते ५ वर्षे कैद आणि ५ ते १० लाख दिनार दंड आहे. त्या हेतूने पत्रके छापणे-वाटणेही त्यातच आले.

मोरोक्कोच्या दंडसंहितेचे कलम २२० तर प्रत्येक पथकाने अक्षर न् अक्षर वाचावे. माणसाच्या गरजेचा फायदा घेऊन किंवा शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांचा वापर करून त्याला इस्लामपासून वळवल्यास ६ महिने ते ३ वर्षे शिक्षा. म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाबरोबर पुस्तिका देणे ही 'दुहेरी सेवा' नसून नेमका त्या कलमातला गुन्हा आहे. मार्च २०१० मध्ये ऐन लूह येथील अनाथाश्रमाच्या परदेशी सेवकांना धर्मप्रसाराच्या आरोपावरून देशाबाहेर काढले गेले. मुले मागे राहिली.

वैद्यकीय शिबिराचा मोह आवरावा. पर्यटक व्हिसावर रुग्ण तपासता येत नाहीत, डॉक्टरला त्या देशाची नोंदणी लागते. औषधांच्या पेटीतही काय आहे ते आधी पाहावे: संयुक्त अरब अमिरातीत कोडीन (अफूजन्य वेदनाशामक) असलेल्या गोळ्या पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. आणि विमानतळावर 'कशासाठी आलात?' या प्रश्नाला खोटे उत्तर द्यावे लागणार असेल, तर बेतच चुकला आहे. खोटे पकडले गेले की पाहुण्याची रवानगी होते, यजमानांची चौकशी सुरू होते.

सर्वांत मोठी गफलत फोनमध्ये असते. मुसलमान घरात जन्मून येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला पोलिसांइतकीच भीती घरच्यांची असते: नोकरी, वारसा, मुलांचा ताबा, कधी जीव. त्याचा चेहरा, गाव आणि 'प्रभूची स्तुती असो' एवढे एका फोटोत आले की संपले. म्हणून फोटो काढायचेच असतील तर डोंगराचे काढा. फोनमध्ये स्थानिक विश्वासणाऱ्यांची नावे-नंबर साठवू नयेत, पथकाच्या व्हॉट्सॲप गटात त्यांना घेऊ नये, मायदेशीच्या मंडळीच्या (चर्चच्या) मासिकातही त्यांची नावे नकोत. मासिक आता इंटरनेटवर कोणीही वाचतो. दुभाष्या म्हणून नवख्या विश्वासणाऱ्याला चौकात उभे करणे म्हणजे त्याच्या श्रद्धेची दवंडी पिटणे. बाप्तिस्मा पाहुण्याने देऊच नये. तो स्थानिक पाळकाचा (चर्चच्या धर्मगुरूचा) निर्णय, त्याच्या वेळेला.

'अमुक जणांनी स्वीकार केला' हे अहवालातले आकडेही जपून वाचावेत. ज्या समाजात पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणणे असभ्य मानतात, तिथे मान हलवणे म्हणजे बहुधा 'आणखी चहा घ्या' एवढेच. पैसा व्यक्तीच्या हातात देऊ नये. स्थानिक मंडळीच्या खजिनदाराकडे, पावती घेऊन द्यावा. नाहीतर 'पैसे देऊन धर्म बदलला' या आरोपाला पुरावा आपणच पुरवतो.

पथक चार-सहा जणांचे पुरे. एक उदाहरण पाहा: जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका चर्चचे अल्पकालीन पथक बसने काबूलहून कंदाहारकडे निघाले होते. गझनी प्रांतात तालिबानने २३ जणांना ओलीस धरले. दोघांना ठार मारले, बाकीचे ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. त्यांच्या सुटकेसाठी दक्षिण कोरियाच्या सरकारला तालिबानशी थेट बोलणी करावी लागली.

बाकी रीतिरिवाज सोपे आहेत, पण चुकतात तेच. पवित्र ग्रंथ जमिनीवर ठेवू नये. रंगीत रेघोट्या ओढलेले बायबल पाहून यजमानाला तुम्हालाच त्याची किंमत नाही असे वाटते. स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे, घरात पुरुष नसेल तर पुरुषाने उंबरठा ओलांडू नये. 'तुम्ही ख्रिस्ती का?' असे विचारले तर 'हो' म्हणावे आणि पुढचे विचारतील तेवढेच सांगावे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करू का, हे आधी विचारावे. बहुतेक घरांत नकार मिळत नाही.

परतल्यावर उत्साहाच्या भरात यजमानांना बायबलमधली वचने आणि स्तोत्रे पाठवू नयेत. ख्यालीखुशाली कळवायची तर कोणत्या शब्दांत, हे निघण्यापूर्वीच त्यांना विचारून ठेवावे. ते म्हणाले 'वर्षभर काहीच नको', तर वर्षभर काहीच नको.

आपला,
एक वाचक