भद्रकालीतल्या रंगारी काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

जानेवारीत ओली, डागाळलेली कुंची घेऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते, ती मी. भाचीच्या बाळाच्या बारशाला चार दिवस उरले होते. पांढऱ्या मलमलची कुंची, तिला मी घरी रंगवलेल्या लाल सुती कापडाची झालर. ते लाल कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं होतं, मग व्हिनेगरमध्ये, मग तुरटीत. तरी पहिल्याच धुण्यात रंग उतरला आणि अख्खी कुंची गुलाबी झाली.

तुम्ही एवढंच विचारलंत, "कापड सुती की रेशमी?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या येवल्याचं रेशीम आंबट पाण्यात रंग धरतं, लोकरही धरते, सुताला मात्र आंबटाचा उपयोग नाही. मीठ रंगवतानाच हवं, ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. नंतर कितीही भिजवलं तरी कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. गिऱ्हाईक थांबवून तुम्ही हे सांगत होतात, काका.

मी म्हटलं, तुम्हीच रंगवून द्या. तुम्ही म्हणालात, "बारसं तुमच्या घरचं, तुमच्याच हाताने होऊ द्या." आणि प्रोसिऑन या सुती कापडाच्या रंगाची पुडी नि धुण्याचा सोडा हातात ठेवलात. पैसे घेतले नाहीत.

नवं कापड आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन त्याची खळ काढली. रंगाच्या पाण्यात आधी मीठ, सोडा वेगळा विरघळवून मागाहून, लिटरला साधारण २० ग्रॅम. सोडा पडला की रंग सुताशी जोडला जातो. पण या रंगाला ऊब लागते, आणि नाशिकची जानेवारी तुम्हाला ठाऊकच आहे! तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोमट पाणी घेतलं, बादलीवर झाकण, वर गोणपाट, गच्चीवर उन्हात दोन तास. उरलेला रंग बाटलीत भरून ठेवायचा मोह झाला होता. तुम्ही बजावलं होतं की सोडा पडलेला रंग पाण्याशीच जोडला जाऊन वाया जातो, म्हणून ओतून दिला.

सगळ्यात जास्त वेळ धुण्यात गेला. आधी गार पाणी, मग चांगलं कढत पाणी आणि साबण, पुन्हा पुन्हा. सातव्या पाण्याला बादलीचा तळ स्वच्छ दिसला तेव्हा मी सुनेला हाक मारून दाखवला. ओल्या झालरीवर पांढरा रुमाल घासून पाहिला, अगदी तुम्ही दुकानात घासला होतात तसा. रुमाल पांढराच राहिला.

मी हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारख्या कितीतरी जणी अजून लाल कापड मिठाच्या बादलीत बुडवून झोपत असतील. तुम्ही मला फसवून दोन पैसे सहज कमावू शकला असतात. त्याऐवजी अर्धा तास दिलात, तोही ऐन लग्नसराईत.

कुंची आतापर्यंत पाच वेळा धुतली आहे. भाची पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन नाशिकला येतेय. कुंची घालूनच त्याला तुमच्याकडे आणते.

तुमची,
झालरवाली ताई