सुटकेच्या दिवशी खिशात काय असते? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

बंद्यांच्या सुधारणेचा विषय निघाला की येरवड्यात तयार झालेले फर्निचर, नाशिकरोडच्या गणेशमूर्ती आणि मुक्त विद्यापीठाच्या पदव्या पुढे येतात. काम चांगलेच आहे. पण त्यातले बरेचसे शिक्षा झालेल्या, म्हणजे पक्क्या बंद्यांपुरते आहे. तुरुंगांत भरणा मात्र कच्च्यांचा, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेल्यांचा. २०२२ च्या अखेरीस देशभरात ५,७३,२२० बंदी होते, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे होते. शंभरात जवळजवळ शहात्तर.

पक्क्या बंद्याची सुटकेची तारीख माफीचे (शिक्षेत मिळालेल्या सुटीचे) दिवस धरून आधी काढता येते. कच्च्याची कुणालाच ठाऊक नसते. दुपारी जामीन होतो, कागद जुळले की संध्याकाळी फाटक उघडते. नवी मुंबईजवळच्या तळोजा कारागृहाच्या फाटकाबाहेर रात्री आठला उभ्या असलेल्या यवतमाळच्या माणसाला ‘सुटकेपूर्व मार्गदर्शन’ कोण आणि कधी देणार? म्हणून आमचे म्हणणे एवढेच की पुनर्वसनाचे काम बंदी आत आल्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हावे.

सुरुवात मोबाइल नंबरापासून. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरले नाही आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली असली, की ते बंद होऊ शकते. पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. आधारचा ओटीपी मग त्या अनोळखी माणसाकडे जातो. बँकेच्या खात्यात दोन वर्षे व्यवहार नसला की ते निष्क्रिय होते आणि केवायसी केल्याशिवाय उघडत नाही. केवायसीला बहुतेकदा आधार मागतात, आधारला ओटीपी. शिधापत्रिकेच्या ई-केवायसीला हा माणूस हजर राहू शकत नाही. मतदार यादीतले नाव तरी टिकायला हवे: तुरुंगात असताना मतदान करता येत नाही, पण केवळ तेवढ्यावरून यादीतून नाव काढता येत नाही. घरी जाऊन ‘इथे राहत नाही’ असा शेरा मारणाऱ्याला हे सांगायचे कुणी?

यावरचा उपाय स्वस्त आहे. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बदलायला कोणताही दाखला लागत नाही, बंद्याचा अंगठा पुरतो. एकच नंबर घरातल्या अनेकांच्या आधारला चालतो. महिन्यातून एकदा आधारचे यंत्र कारागृहात आले आणि बंद्याच्या संमतीने आईचा किंवा बायकोचा नंबर जोडला, की निम्मी गाठ सुटते. बँकेचा प्रतिनिधी त्याच दिवशी बोलावला तर खात्याचेही काम होते, आणि मजुरी थेट खात्यात जाते.

मूळ कागद बहुतेकदा आत नसतातच. अटकेच्या वेळच्या अंगझडतीत पाकीट, आधार, पॅन, लायसन्स, फोन जप्त होतात आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात पडून राहतात. ते परत घ्यायला न्यायालयात अर्ज करावा लागतो. वकील तो करत नाहीत, कारण त्याने जामीन मिळत नाही. ज्या कागदांचा पुराव्याशी संबंध नाही, त्यांच्या परतीचा अर्ज विधिसेवेच्या (मोफत मिळणाऱ्या) वकिलाने पहिल्याच महिन्यात करावा, असा ठराविक नमुना जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाबरोबर बसून ठरवता येईल.

आता जामिनाबद्दल, कारण इथे माणसे नाहक अडकतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने अधीक्षकांकडे जावा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधिसेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. यातला मधला दुवा कच्चा आहे. सातव्या दिवशी कुणी कळवले आणि कुणी नाही, हे तपासायचे कुणी? नावाच्या एका स्पेलिंगवरून, वडिलांच्या नावावरून, गुन्हा क्रमांकाच्या एका आकड्यावरूनही सुटका थांबते. दोन गुन्हे असतील तर एकातला जामीन पुरत नाही, आणि दुसरा आहे हे घरच्यांना फाटकावर कळते.

गरीब बंद्यांसाठी केंद्राच्या योजनेतून कच्च्याला जामिनासाठी आणि पक्क्याला दंडासाठी ठराविक रकमेपर्यंत मदत मिळते. पण पैसे मंजूर झाले तरी आदेशात ‘जामीनदार’ लिहिले असेल तर त्या पैशांचा उपयोग नाही. सातबारा, ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा माणूस हे पैसे आणून देत नाहीत. त्यासाठी आधी ‘जामीनदाराऐवजी रोख’ असा अर्ज व्हावा लागतो. हा क्रम ही मदत मंजूर करणाऱ्या जिल्हा समितीच्या कार्यपद्धतीत लिहून टाका.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला, की त्याला जामिनावर सोडण्यासाठी अधीक्षकांनी न्यायालयाला लेखी अर्ज करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे वगळून. हे कर्तव्य अधीक्षकांचे आहे, बंद्याचे नव्हे. एक तृतीयांश काळ कधी भरतो ती तारीख संगणकाने काढावी. हाताने काढलेल्या यादीत माणसे गळतात.

शिकलेल्या कामाबद्दल थोडक्यात: प्रमाणपत्रावर कारागृहाचे नाव नको, आयटीआयचे असू द्या. सुतारकामाचा कागद दाखवून काम मागणाऱ्याने तो कुठे मिळाला हेही आधीच सांगून टाकावे, ही कसली सोय? आणि निर्दोष सुटलेल्याच्या चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर निकालाची प्रत पोलीस ठाण्याला पोचवण्याचे काम त्याच्या गळ्यात टाकू नका. रिक्षाचा बॅज तेवढ्यावर अडतो.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीत बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. ती वसाहत १९३९ ची, औंध संस्थानातली. तेव्हा ना आधार होते ना संगणक, तरी ते जमले.

तर, बंदी आत येताना भरायच्या आवक नोंदवहीत चार रकाने वाढवा: आधारशी जोडलेला चालू नंबर, जप्त कागदांची यादी, इतर प्रलंबित गुन्हे, कलम ४७९ ची तारीख. पहिल्या सात दिवसांत ते भरून अधीक्षकांची सही व्हावी. येरवडा, तळोजा आणि नागपूर इथे सहा महिने करून पाहा, आणि किती रकाने कोरे राहिले ते विधानसभेत सांगा.

कळावे,
कारागृहांत आणि सुटकेनंतर बंद्यांसोबत काम करणारे आम्ही काही वकील, समाजकार्यकर्ते व शिक्षक