खरवस सात घरांना, वासरू उपाशी

संपादक महाशय,

दुधाच्या दराविषयी आपल्या पत्रांच्या पानावर अधूनमधून लिहून येते. दर वाढवा, अनुदान वेळेवर द्या, पेंड स्वस्त करा. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २६ वर्षे गोठा चालवते आणि दोन्ही वेळा दूध सोसायटीत दूध घालते, तेव्हा यातल्या एकाही मागणीला माझा विरोध नाही. पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र. आपल्या गोठ्यात जन्मलेल्या पाड्या, म्हणजे मादी वासरे, जातात कुठे?

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आज ज्या संकरित गायी आहेत, त्यातल्या बहुतेक चोर्ला घाट उतरून टेंपोतून आलेल्या आहेत. बेळगावकडच्या, कोल्हापूरकडच्या. दर चार-पाच वर्षांनी नवी गाय, नवे कर्ज. दुसरीकडे याच गायी दरवर्षी नाही तरी दीड वर्षाने वितात. म्हणजे निम्म्या वेळा तरी पाडी होत असणार. त्या पाड्या मोठ्या होऊन गव्हाणीला उभ्या राहिल्या असत्या तर टेंपो कशाला लागला असता? त्या उभ्या राहत नाहीत. काही पहिल्या महिन्यात जातात. ज्या वाचतात त्या तीन वर्षांच्या झाल्या तरी बकरीएवढ्या दिसतात, माजावर येत नाहीत आणि शेवटी रस्त्यावर बसतात.

मी दुसऱ्यांची उणीदुणी काढत नाही, आधी माझेच सांगते. माझी पहिली संकरित गाय आषाढात रात्री दोनच्या सुमारास व्याली. सुरेख पाडी, काळी-पांढरी, कपाळावर पानाएवढा ठिपका. जन्मल्यावर पाऊण तासात ती थरथरत उभी राहिली आणि आईच्या पुढच्या पायात तोंड खुपसून सड शोधू लागली. मी तिला मागे वळवणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "वार पडूं दी गे, मागीर पाज." वार म्हणजे विल्यानंतर गर्भाशयातून बाहेर पडणारी झिल्ली; ती पडायच्या आत वासराला पाजले तर वार आत अडकते, असे त्यांनी त्यांच्या सासूकडून ऐकलेले. मी नवी होते. पाडीला कोपऱ्यात बांधली. वार पडली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर पाडी ओरडून ओरडून गप्प झाली होती आणि मी कासंडीभर चीक, म्हणजे विल्यावरचे पहिले घट्ट दूध, काढून ठेवला होता, कारण कास दगडासारखी ताठली होती. त्या चिकाचा खरवस झाला. वेलची घालून, गूळ घालून, केळीच्या पानावर वड्या सात घरी गेल्या. सगळ्यांनी वाखाणल्या. पाडीला संध्याकाळी मिळाले ते उरलेसुरले. पाचव्या दिवशी तिला पांढरी हगवण लागली आणि नवव्या दिवशी ती गेली.

तेव्हा आम्ही म्हटले, दृष्ट लागली.

खरे कारण मला बऱ्याच वर्षांनी एका पशुवैद्यांनी गोठ्यात उकिडवे बसून समजावले. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटातच थोडीफार मिळते. गाईच्या वासराला वारेतून ती मिळत नाही. ते जन्मते अगदी कोरे. ती ताकद सगळी चिकात असते आणि वासराच्या आतड्यांची दारे ती आत घेण्यासाठी थोडाच वेळ उघडी असतात. पहिल्या तासा-दोन तासांत पाजले तर सर्वांत उत्तम, सहा तासांनंतर दारे मिटू लागतात आणि २४ तासांत बंद होतात. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी तो पोट भरेल, कवच देणार नाही. माझी पाडी जन्मली रात्री दोनला आणि तिच्या तोंडाला चीक लागला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हिशेब तुम्हीच करा.

आणि वारेचे म्हणाल तर गोष्ट नेमकी उलटी आहे. वासरू सडाला ढुशी मारते, चोखते, तेव्हाच गाईच्या अंगात पान्हा सोडणारा रस सुटतो, आणि तोच रस गर्भाशय आवळून वार बाहेर ढकलतो. म्हणजे वासराला लांब बांधून आपण वार अडकायलाच मदत करतो. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी गाय व्याली तेव्हा कंदील धरून त्याच पुढे उभ्या होत्या, आणि वासराचे तोंड सडाकडे त्यांनीच वळवले.

किती पाजायचे? वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, पहिल्या दिवसात, दोन-तीन वेळा विभागून. २५ किलोचे वासरू असेल तर अडीच लिटर. चांगली गाय पहिल्या धारेलाच याहून जास्त चीक देते, म्हणजे खरवसावर कोणी गदा आणत नाही. फक्त रांग बदलायची आहे, वासरू आधी, शेजारी नंतर. चीक गार झाला असेल तर चुलीवर ठेवू नये, तो फाटतो. भांडे गरम पाण्यात धरून बोटाला कोमट लागेल इतपतच. आणि वासराचे तोंड वर करून नळकांड्याने ओतू नका. वासरू चोखते तेव्हा दूध मोठ्या पोटाला (रवंथाच्या कप्प्याला) वळसा घालून थेट खऱ्या पोटात (पचनाच्या कप्प्यात) उतरते. जबरदस्तीने ओतलेले फुप्फुसात जाते. आमच्या शेजारच्या गोठ्यात असे एक वासरू डोळ्यांदेखत गेले. मी दोन बोटे दुधात बुडवून त्याच्या तोंडात देते. ते चोखू लागले की तोंड हळूहळू बादलीकडे नेते. पहिल्या दिवशी अर्धे दूध माझ्या लुगड्यावर सांडते, चौथ्या दिवशी बादली वाजली तरी ते धावत येते.

इथे एक गंमत सांगावीशी वाटते. माझ्याकडे एक गावठी पांढरी गाय आहे. या जातीला आता श्वेतकपिला म्हणतात, २०२० साली तिला अधिकृत जात म्हणून मान्यता मिळाली. दूध म्हणाल तर दीड-दोन लिटर. ती कधी गोठ्यात विलीच नाही. विण्याच्या दिवशी रानात जाते आणि संध्याकाळी वासराला घेऊनच परत येते. तिचे एकही वासरू आजवर मेले नाही. मी याचे श्रेय कैक वर्षे जातीच्या काटकपणाला देत होते. जात काटक आहेच. पण दुसरे कारण साधे आहे. रानात तिच्या वासराला बांधून ठेवायला कोणी नव्हते. ते उठले आणि प्याले.

आता दुसरे दुखणे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून चिकाचे दूध झाले की ते सोसायटीत जाऊ लागते आणि वासराच्या वाट्याला एक सड उरतो, तोही अर्धा पिळलेला. कारण प्रत्येक लिटरमागे पैसे दिसतात. ३० किलोच्या पाडीला दिवसाला तीन लिटर धरले तर दोन महिन्यांत १८० लिटर होतात. एवढे दूध पाडीच्या घशात कोण ओतणार, असे माझे यजमानही म्हणायचे. मी त्यांना वहीत मांडून दाखवले. आमची शेवटची विकत आणलेली गाय पाऊण लाखाला पडली, आणि आणल्यावर तिसऱ्या महिन्यात तिच्या एका सडाने दगा दिला. आपली चांगली गाय घाटावरचा कुठला शेतकरी विकतो? तो विकतो ती त्याला नको असलेली. शिवाय तिकडे ती उसाचे वाढे आणि मका खाऊन वाढलेली, इथे आणून आपण तिच्यापुढे भाताचा सुका पेंढा टाकतो. पोटातल्या जिवाणूंना नवा चारा अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. आपण टेंपोतून उतरवल्या दिवशी बदलतो आणि मग व्यापाऱ्याला शिव्या देतो की दूध कमी सांगितले. त्याने वाढवून सांगितलेले असतेच, ती गोष्ट वेगळी.

१८० लिटर लागतातच असेही नाही. दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे मूठभर दाणा ठेवला तर दूध लवकर कमी करता येते. मी घरीच करते: १०० किलोमध्ये ५० किलो मक्याचा भरडा, ३० किलो शेंगदाण्याची पेंड, १७ किलो गव्हाचा कोंडा, दोन किलो खनिज मिश्रण, एक किलो मीठ. पेंड वास घेऊन घ्यावी. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि बुरशीची पेंड लहान वासराला विषच. खोबऱ्याची पेंड आपल्याकडे घरची मिळते, मोठ्या गायींना मी तीच घालते, पण वासराला नुसत्या तिच्यावर प्रथिने कमी पडतात. पहिले चार दिवस वासरू दाण्याकडे बघणार नाही. दूध पिऊन झाले की ओल्या नाकालाच थोडा दाणा चिकटवायचा. ते जीभ फिरवते आणि शिकते. नुसते मऊ गवत घातले तर पोट वाढून मडक्यासारखे दिसते, लोक कौतुक करतात, पण वासराचे मोठे पोट आतून तयार होते ते दाण्याने. स्वच्छ पाणी दुसऱ्या आठवड्यापासून समोर हवे. बेंबीला आयोडीन जन्मतःच, जंताचे औषध १५ दिवसांच्या आसपास डॉक्टरांना विचारून. एवढेच.

अजून एक चूक मी सर्रास पाहते. गाय आटवली की तिचे आंबोण बंद. दूध देत नाही तर खुराक कशाला? पण पोटातल्या वासराची खरी वाढ होते ती शेवटच्या तीन महिन्यांतच. विण्याआधी दोन महिने धार बंद करावी आणि खुराक मात्र चालू ठेवावा, दीड-दोन किलो तरी. त्या दिवसांत उपाशी राहिलेल्या गाईचा चीकही पातळ येतो. भाताचा पेंढा पोट भरतो पण त्यात प्रथिने नावालाच, आणि त्यातले काही घटक शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवतात. म्हणून मूठभर खनिज मिश्रण रोज, गाभण असो वा दुभती. हे मिश्रण आमच्या सोसायटीत कधी असते, कधी संपलेले असते. बहुधा संपलेलेच.

पाड्या वाढवून माझ्या गोठ्यात काय झाले ते सांगते. आज दावणीला सहा गायी आहेत, त्यातल्या चार घरच्या. पाडीची वाढ बघायला काटा लागत नाही. शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, त्याला त्यानेच गुणा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा, किलोत वजन येते. माझ्या तांबूची छाती ५८ इंच आणि लांबी ४९ इंच भरली तेव्हा मी फोनवर हिशेब केला, अडीचशे किलो. तेव्हा ती दीड वर्षाची होती. त्याच माजाला तिला गाभण करून घेतली. जी पाडी पहिल्या सहा महिन्यांत उपाशी राहते, तिला हे वजन गाठायला तीन वर्षे लागतात, आणि तोवर मालक कंटाळून तिचे दावे सोडतो.

योजना आखणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. गाय विकत घेतली की पैसे मिळतात, त्याचे फोटो निघतात. घरची पाडी वर्षाची करून दाखवली, छातीचा घेर मोजून दाखवला, तर त्यालाही काही द्या. कार्यालयात मी हे तोंडी बोलले. साहेब म्हणाले, तशी तरतूद नाही. तरतूद नाही हे मलाही माहीत होते, म्हणून तर गेले होते. दुसरे काम फुकटातले आहे. प्रत्येक दूध सोसायटीच्या भिंतीवर, फॅटचे आकडे लिहितात त्या फळ्याच्या शेजारी, ठळक अक्षरांत एक ओळ रंगवा: वार पडायची वाट बघू नका, वासराला आधी पाजा. आमच्या सोसायटीत मी स्वतः खडूने लिहिली होती. पावसात पुसली गेली. चतुर्थीनंतर रंग आणून लिहिणार आहे.

तांबू या पंधरवड्यात विणार आहे. आपल्या कचेरीत खरवस पाठवीन, पण तो दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा असेल. जरा मऊ लागेल, चालवून घ्या.

– एक दूध उत्पादक बाई, सत्तरी